केमो डे-केअरमधली नर्सिंग आणि पेशंटला शिकवणं: निपाणी भागातल्या एका सिस्टरना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात अलीकडे केमोथेरपीचं डे-केअर सुरू झालं आहे. प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या आहेत. कॅन्सरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकीचे दिवस सगळं सिस्टरांवर असतं. त्या लिहितात, ‘पेशंटला सगळं समजावून सांगतो, छापील कागद देतो, तरी लोक ताप अंगावर काढून दोन-तीन दिवसांनी येतात. तोंड येतं, जेवण बंद होतं, गोळ्या चुकतात. आमच्या कामात आणि शिकवण्यात काय बदलावं?’ शेवटी त्यांनी स्वतःपुरता एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तरही शेवटीच देते.

सिस्टर, आधी एक करा. पहिल्याच दिवशी सगळं सांगणं बंद करा. पहिल्या केमोला आलेला माणूस घाबरलेला असतो आणि नातेवाईक पैशांच्या, कार्डाच्या, सह्यांच्या धावपळीत असतात. त्यात पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध असेल तर रिॲक्शन येऊ नये म्हणून आपण आधी डेक्सामेथासोन आणि ॲव्हिल देतो, सलाईन लावतो आणि आता जरा सवड मिळाली म्हणून खुर्ची ओढून शिकवायला बसतो. ॲव्हिलनं पेशंट पेंगत असतो. तो मान हलवतो आणि आपण फाईलवर ‘एज्युकेशन गिव्हन’ लिहून मोकळ्या होतो. शिकवायचं ते सुई लावण्याआधी, घरचं माणूस समोर बसवून. आणि शिकवणं ही इंजेक्शनसारखीच प्रोसिजर धरा. कुणी करायची, कधी करायची, झाली की नाही ते कसं तपासायचं आणि कुठे नोंदवायचं, हे ठरलेलं हवं. ‘जिला वेळ मिळेल तिनं सांगा’ असं असलं की कुणीच सांगत नाही.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवा: ताप आणि सुईची जागा. उलटीच्या गोळ्या घरी सोडताना सांगा. तोंडाची काळजी दोन-तीन दिवसांनी फोनवर, कारण तोंड येतं ते साधारण पाचव्या दिवसानंतर. केस गळतात दोन-तीन आठवड्यांनी. ते जाणार एवढं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर एका सकाळी उशीवर केस बघून बाई रडत बसते आणि पुढच्या डोसाला येत नाही.

आता तापाकडे येते, कारण आपल्या भागात केमोचे पेशंट दगावतात ते बरेचदा तापातच, आणि यातलं पुष्कळ टाळता येण्यासारखं असतं.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत पेशंट आपल्यासमोर नसतो. तो सौंदलग्याला, कारदग्याला, नाहीतर तिकडे जांबोटीला आपल्या घरी असतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेल्या की पू धरायलाही शरीरात पेशी उरत नाहीत. गळू लाल होत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. ताप हीच काय ती खूण. म्हाताऱ्या माणसांत आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांत तर तीही मिळत नाही. नुसता गळाठा येतो, हातपाय गार पडतात, बोलण्यात ताळमेळ राहत नाही. ताप चढल्यापासून बीपी पडेपर्यंत कधीकधी एक रात्रसुद्धा लागत नाही. म्हणून तर असा पेशंट दारात आल्यापासून एका तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे असा दंडक आहे. कल्चरसाठी, म्हणजे जंतू ओळखण्यासाठी, रक्त घ्यायचं, पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. तुमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात म्हणता, तर ते आल्यावर त्यांच्याकडून लेखी स्टँडिंग ऑर्डर घ्या: कुठलं अँटिबायोटिक, किती, ॲलर्जी असेल तर काय, रात्री कुणाला फोन. ही ऑर्डर नसताना पेशंटला ‘लगेच या’ शिकवणं अर्धवटच. तो मध्यरात्री गाडी करून येणार आणि आपण त्याला सकाळपर्यंत सलाईनवर ठेवणार.

पुस्तकातली व्याख्या अशी: ३८.३ सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, एकदा भरला. किंवा ३८, म्हणजे १००.४, तासभर टिकला. आपल्याला ती पाठ हवी. घरच्यांना तासांचं गणित शिकवू नका. एका सुनेनं माझ्यासमोर थर्मामीटरवरचं ९९.८ वाचलं ते ‘नऊशे अठ्ठ्याण्णव’. बारीक टिंब तिला दिसलंच नव्हतं, आणि आकडा एवढा मोठा कसा याचा ती विचार करत राहिली. तेव्हापासून मी पेशंटला घरी द्यायच्या कार्डावर ‘शंभर दिसलं की फोन’ एवढंच लिहिते. वरच्या शून्य पूर्णांक चारचं आपण फोनवर बघू. कार्डावर आकडा थर्मामीटरच्या पडद्यावर दिसतो तसा, चौकोनात मोठा काढा. पडद्यावर इंग्रजी आकडे असतात, त्यामुळे कार्डावर नुसता मराठी किंवा कन्नड आकडा लिहून भागत नाही. थर्मामीटर पहिल्याच दिवशी आणायला लावा आणि वॉर्डातच त्यांच्या हातानं लावून, बीप होईपर्यंत थांबून, वाचून घ्या. चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं तोंडात मोजायचं नाही. तोंडात फोड असतील तर काखेत मोजा, पण तिथे आकडा थोडा कमी भरतो हे लक्षात ठेवा.

घरी तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं पॅरासिटामॉल. अंग तापलं की आपल्याकडे गोळी आधी आणि थर्मामीटर नंतर. गोळीनं ताप उतरतो, इन्फेक्शन तिथेच राहतं. क्रम पाठ करून घ्या: आधी मोजायचं, मग फोन, आणि सांगितली तरच गोळी. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम ही नावं घेऊन मनाई करा. प्लेटलेट कमी असताना आणि किडनीवर ताण असताना ती नडतात.

दुसरं, गावातले डॉक्टर. त्यांच्यावर राग धरू नका. रात्री दहा वाजता दार उघडणारे तेच असतात. पण पेशंटनं ‘केमो चालू आहे’ सांगितलं नाही तर ते कमरेत सुई देणार आणि सकाळी बघू म्हणणार. प्लेटलेट खाली असताना त्या सुईनं स्नायूत रक्त साकळतं. म्हणून कार्डाची मागची बाजू डॉक्टरांसाठी ठेवा, इंग्रजीतून: अमुक तारखेला अमुक औषधांची केमो झाली, ताप असल्यास सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा, स्नायूत इंजेक्शन नको, अँटिबायोटिक सुरू करा, आमच्या वॉर्डाला फोन करा. हे कार्ड फाईलमध्ये न ठेवता आधार कार्डाबरोबर खिशात ठेवायला सांगा. फाईल नेहमी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली गोव्याला कामाला गेलेल्या मुलाकडे.

तिसरं, रस्ता. निपाणीहून हायवेला लागलं की कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तुमच्या पेशंटांचं निभतं. पण खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, आमगाव, गवाळी या पट्ट्यात पावसाळ्यात नाल्यांवरून पाणी जातं आणि माणसाला खुर्चीत नाहीतर झोळीत घालून आणावं लागतं. अशा पेशंटचं पुढच्या दोन आठवड्यांचं राहण्याचं ठिकाण केमो लावण्याआधी विचारा. जून ते सप्टेंबरमध्ये सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत त्यांनी खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडे राहावं, हे डॉक्टरांना सांगायला लावा. सिस्टरनं सांगितलं की ‘बघू’ म्हणतात.

समजलं का, हे कधीही विचारू नका. उत्तर ‘होय’च येतं. त्याऐवजी म्हणा, ‘काकू, आज रात्री दोन वाजता यांचं अंग तापलं, तर तुम्ही काय काय कराल, मला सांगा.’ त्यावर ‘काय करायचं? गोळी देतो, ओली पट्टी ठेवतो, उजाडल्यावर निघतो’ असं आलं, तर तुमचं शिकवणं अजून झालेलं नाही. पुन्हा सांगा, पुन्हा विचारा. न रागावता. ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघते’ असं म्हटलं की त्यांनाही परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही.

आणि काकूंनाच विचारायचं, हे महत्त्वाचं. हॉस्पिटलात जो बरोबर येतो तो फॉर्म भरणारा मुलगा नाहीतर जावई असतो, मोटारसायकल त्याच्याकडे असते म्हणून. घरी अंगाला हात लावून ताप बघणारी, पेज करणारी, गोळ्यांची पिशवी सांभाळणारी व्यक्ती वेगळीच असते. ती आली नसेल तर वॉर्डातूनच फोन लावा आणि तिच्याशी बोला. शिवाय ‘ताप आला होता का’ एवढ्यावर थांबू नका. कणकण, कसर, हुडहुडी, थंडी वाजून आली का, असं सगळं विचारा.

तुम्ही स्वतः दोन फोन करायचे: एक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उलट्या-जुलाब-पाणी पिणं विचारायला आणि तोंडाची काळजी शिकवायला, दुसरा आठव्या ते दहाव्या दिवशी, ताप आहे का आणि तोंड आलंय का ते विचारायला. यासाठी वॉर्डाचा एक मोबाईल हवा, डॉक्टरांचा नंबर नको. डॉक्टरांना फोन करायला लोक संकोचतात. सिस्टरला करतात.

एक अवघड गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती तुमच्या वॉर्डात रोज होत असणार. ‘सिस्टर, आमच्या वडिलांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. गाठीचं औषध म्हणून सांगितलंय. तुम्ही बोलू नका.’ मग शिकवायचं कसं? माझं मत ठाम आहे: आपण होऊन फोडायचं नाही आणि विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. पेशंटला एकट्यात विचारा, ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय सांगितलंय? आणखी काही माहिती हवीय का, की घरच्यांशी बोलू?’ बहुतेकांना माहीत असतं. केस गेलेल्या माणसांच्या रांगेत बसून कुणाला कळत नाही? काहीजण म्हणतात, ‘पोराला सांगा, मला नको.’ तोही त्यांचा निर्णय, तो फाईलवर लिहा आणि डॉक्टरांना कळवा. पण आजाराचं नाव लपवलं तरी औषधाचे धोके लपवता येत नाहीत. ‘हे औषध तेज आहे, पेशी कमी करतं, ताप आला तर जिवावर बेतेल’ एवढं पेशंटला स्वतःला माहीत हवंच. घरच्यांना हे समजावून सांगितलं की ते सहसा अडवत नाहीत.

आता आपल्या हातातल्या कामाकडे. डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन ही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी आणि स्नायू जाळतात. पेशंट ‘लाल औषध’ म्हणतात ते यातलंच. शीर निवडताना कोपराचा सांधा आणि मनगट टाळा. स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा हात नको. काल-परवाची सुई वापरू नका, नवी लावा. रक्त परत येतंय का ते औषधाआधी बघा, आणि हळूहळू ढकलताना दर काही मिलीनंतर पुन्हा बघा. हाताच्या शिरेत अशी औषधं पंपावर लावू नका. पंप शीर फुटली तरी ढकलतच राहतो. पट्टी पारदर्शक हवी.

आणि आपल्या बायकांची सवय: थंडी वाजते म्हणून शाल नाहीतर पदर हातावर ओढून घेतात. खाली सूज आली तरी कुणाला दिसत नाही. दुखलं तरी बोलत नाहीत. एवढ्या मोठ्या आजारात सुई दुखणारच, असं त्यांना वाटतं. म्हणून पहिल्या दिवशीची दुसरी शिकवण ही: चुरचुरलं, जळजळलं, घट्ट वाटलं तर त्याच क्षणी हाक मारायची, सहन करायचं नाही. हात उघडा ठेवायला सांगा आणि पायावर पांघरूण घाला.

औषध बाहेर गेलंच तर सलाईन बंद करा, सुई काढू नका. तिच्यातूनच जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या, मग सुई काढा. जागा दाबू नका. पेनानं कड आखा, वेळ लिहा, फोटो काढा, हात उंच ठेवा, डॉक्टरांना कळवा. डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिनला थंड शेक, व्हिनक्रिस्टिनला गरम. हे उलटं झालं तर नुकसान वाढतं, त्यामुळे डोक्यात ठेवू नका, भिंतीवर चिकटवा. डॉक्सोरुबिसिनवरचा उतारा डेक्सराझोक्सेन सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो आणि तो द्यायचा असेल तर थंड शेक पंधरा मिनिटं आधी थांबवावा लागतो. लहान हॉस्पिटलं तो ठेवत नाहीत. बेळगावात, कोल्हापुरात कुठे मिळतो याची चौकशी आजच करून ठेवा. आणखी एक ओळ त्याच भिंतीवर लिहा: व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून. मणक्यात गेलं तर माणूस वाचत नाही. सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगितलंय.

दोघींनी मिळून तपासायचं म्हणजे दोघींनी वेगवेगळं तपासायचं. एकीनं वाचायचं आणि दुसरीनं ‘हो’ म्हणायचं, हे तपासणं नव्हे. उंची-वजन प्रत्येक वेळी नव्यानं घ्या. मागच्या कागदावरून उतरवू नका. वजन दहा टक्क्यांनी उतरलं असेल तर डोसाचा हिशोब पुन्हा करायला डॉक्टरांना सांगायचं धाडस ठेवा. पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या-दुसऱ्या डोसाला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं खाटेपाशीच उभ्या राहा. रिॲक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते.

आता तोंडाकडे. तुम्ही निपाणीच्या, त्यामुळे जरा सविस्तर. १९८१ चं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन पाहिलेल्या गावात तंबाखूविरुद्ध बोलणं म्हणजे लोकांच्या पोटाबद्दल बोलणं, हे मला कळतं. भाषण देऊ नका. पण विचारताना नीट विचारा. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की विडी वळणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि खरंच सांगते. ‘दात कशानं घासता?’ विचारा. मिसरी. दिवसातून तीन-चार वेळा, हिरडीला चोळून. केमोनं तोंडाचं अस्तर सोललेलं असतं आणि त्यावर ही जळकी तंबाखू. वरवर ‘बंद करा’ म्हणून ती बंद होत नाही, कारण त्या बायकांचं पोट मिसरीवर साफ होतं अशी त्यांची पक्की समजूत असते. उलटीवरच्या ऑन्डानसेट्रॉननं आणि व्हिनक्रिस्टिननं बद्धकोष्ठ होतं. तीन दिवस शौचाला झालं नाही की बंद केलेली मिसरी पुन्हा डबीतून बाहेर येते. म्हणून मिसरी सोडवायची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून लॅक्टुलोजसारखं पोट साफ करणारं पातळ औषध लिहून घ्या. मी हे करायला लागल्यापासून बायका ऐकतात, सगळ्या नाही, पण बऱ्याच.

गुळण्यांसाठी महागडं माउथवॉश नको. अल्कोहोल असलेलं तर नकोच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, रोज नवं करायचं, जेवणानंतर आणि झोपताना धरून चार-सहा वेळा. ब्रश मऊ. भाकरी टोचते, तर ती गरम आमटीत कुस्करून मऊ करायची. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, अंडं. ठेचा-खर्डा काही दिवस ताटाबाहेर. कुंदा चालेल का, असं एका आजोबांनी भीत भीत विचारलं होतं. चालेल, वजन उतरलेल्या माणसाला दुधाची मिठाई वाईट नाही, मधुमेह नसला आणि ताजी असली म्हणजे झालं. साखरेनं कॅन्सर वाढतो म्हणून गोड तोडून उपाशी ठेवलेली माणसं मी वॉर्डात बघते, तेव्हा त्या मोबाईलवरच्या व्हिडिओंचा राग येतो. कच्ची फळं-भाज्या पूर्ण तोडल्यानं इन्फेक्शन कमी होतात असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. धुऊन, सोलून, घरी ताजं केलेलं खावं. उघड्यावरचं आणि न तापवलेलं दूध टाळावं. झाडपाल्याचा काढा कोण देतंय ते न ओरडता विचारा, नाहीतर लपवतात.

औषधानुसार काही गोष्टी वेगळ्या. ५-एफयू झटक्यात शिरेतून देताना अर्धा तास बर्फ चघळला तर तोंड कमी येतं. पण त्याच पेशंटला ऑक्सालिप्लॅटिनही असेल, आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा असतं, तर बर्फ अजिबात नाही. ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंडाचा नुसता स्पर्शसुद्धा बोटांत करंट मारतो आणि थंड घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होऊन माणूस घाबरतो. बेळगावच्या डिसेंबरात पहाटे नळाखाली भांडी घासणाऱ्या बाईला हे आधी सांगायला हवं: माठाचं पाणी नको, कोमट प्या, भांडी दुसऱ्याकडे द्या, बाहेर पडताना मफलर नाकावर.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सहसा चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. भिंतीवरचं कालनिर्णय घरी असतंच. पहिल्या दिवसावर आणि पंधराव्या दिवसावर त्यांच्यासमोर लाल खूण करून द्या, म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात कुणी गोळ्या ‘उरल्यात म्हणून’ घेणार नाही. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करायची नाही. तळहात-तळपाय लाल होऊन झोंबू लागले किंवा नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तर गोळी थांबवून फोन करायचा. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना तळपायाचं आधी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय बघायला लावा.

उलटीसाठी रात्री ओलान्झापिन दिलं असेल तर सांगून ठेवा की हे उलटीवर चांगलं चालतं. नाहीतर घरातला शिकलेला मुलगा मोबाईलवर नाव शोधतो, ‘ही तर वेडाची गोळी’ म्हणतो आणि बंद करतो. सिस्प्लॅटिनची उलटी दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरते. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून पुढच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. डॉक्सोरुबिसिननंतर दिवस-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नव्हे.

घरात वेगळं ताट, वेगळी खोली, नातवाला जवळ येऊ न देणं हे सर्रास चालतं. कॅन्सर लागत नाही, हे पेशंटसमोरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. काळजी घ्यायची ती फक्त केमोनंतरच्या ४८ तासांतल्या लघवी, शौच आणि उलटीची: हातमोजे, संडासात बादलीभर जास्त पाणी, कपडे वेगळे धुणं, आणि गरोदर सुनेनं ते काम न करणं. नवराबायकोच्या संबंधांबद्दल, गर्भनिरोधनाबद्दलही बोला. लाजेपायी आपण टाळतो आणि उपचार चालू असताना दिवस गेलेली बाई समोर येते.

आता भाषा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू द्या. वॉर्डात निपाणी-खानापूरची मराठी आजी आणि गोकाक-सौंदत्तीचे कन्नड आजोबा शेजारी शेजारी झोपतात आणि सिस्टर केरळची असते. कार्ड दोन्ही भाषांत छापा, एकाच कागदाच्या दोन बाजूंना नको, दोन वेगळी. केरळच्या मुलींना मराठी आणि कन्नडमधली कामाची वाक्यं पाठ करायला द्या. त्या आपल्यापेक्षा लवकर शिकतात. तापाचं बोलणं मात्र ज्या सिस्टरला पेशंटची भाषा येते तिनंच करायचं, ड्यूटी बदलावी लागली तरी.

आपल्याकडचा पेशंट राज्याची हद्दही ओलांडत असतो. ऑपरेशन मिरजेला, केमो बेळगावला, रेडिएशन हुबळीला. कोणाच्या फाईलमध्ये काय, कुणाला माहीत नसतं. डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची मर्यादा दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, त्यापुढे हृदय धोक्यात येतं. आधी दुसरीकडे किती गेलं हे माहीत नसेल तर हिशोबच लागत नाही. एका पानावर औषध, सायकल (केमोची कितवी फेरी), तारीख, डोस आणि एकूण बेरीज लिहून ते पान पेशंटच्या हातात द्या.

तुमचं स्वतःचं शिक्षण: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा आहे. जमलं तर करा. नाही जमलं तरी मोठ्या केंद्रात काही दिवस बसून काम बघून या. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं, आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर सुरू करायची घोषणा झाली. खाटा वाढतील, शिकलेल्या सिस्टर तेवढ्या वेगानं वाढणार नाहीत, त्यामुळे मॅनेजमेंटकडे मागायला ही वेळ चांगली आहे. मागताना आकडे घेऊन जा. एका वहीत तीनच गोष्टी लिहा: तापाचा पेशंट दारात किती वाजता आला आणि अँटिबायोटिक किती वाजता गेलं, औषध शिरेबाहेर किती वेळा गेलं, आणि आठव्या-दहाव्या दिवशीचे फोन झाले की राहिले.

शेवटचा तुमचा प्रश्न: तुमचं लग्न नुकतंच झालंय, मूल हवंय, तर ही ड्यूटी करावी का? औषध मिसळायचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटशिवाय (औषधाचे कण बाहेर येऊ न देणारं खास कपाट), पंख्याखालच्या टेबलावर होत असेल, तर मूल हवं असो वा नसो, कुणीच करू नये. डोस कॅबिनेट असलेल्या ठिकाणाहून तयार करून मागवा. दोन जोड हातमोजे, लांब बाह्यांचा गाऊन, आणि सलाईनची नळी आधी साध्या सलाईननं भरून मगच औषध जोडणं, ही रोजची शिस्त. औषधाच्या रिकाम्या बाटल्या (व्हायल) आणि नळ्या ‘सायटोटॉक्सिक’ (पेशींना घातक) असं लिहिलेल्या पिवळ्या पिशवीत. त्या १२०० अंशांच्या वर जाळल्या जातात, त्यामुळे साध्या कचऱ्यात मिसळू देऊ नका. मूल हवं असेल तेव्हापासून, दिवस जाण्याची वाट न बघता, इन्चार्जना लेखी कळवा आणि औषध हाताळणं, सांडलेलं पुसणं, पेशंटची लघवी-उलटी यांतून सूट मागा. दूध पाजत असतानाही तेच. त्या काळात वॉर्डाचा तो मोबाईल आणि पहिल्या दिवशीचं शिकवणं तुमच्याकडे मागून घ्या.